पान पिवळं होण्याआधी

रविवार, १८ ऑगस्ट २०२४

गोविंदसिंग,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी चष्मा शोधला असशील आणि तो तुझ्या कपाळावरच सापडला असेल. अक्षर माझंच आहे, जानरावचं. थोडं कापतं, पण वेलांट्या अजून जागच्या जागी पडतात.

तू नांदेडला मुलाकडे राहायला गेल्यापासून दर दिवाळीला एक कार्ड धाडतोस. सात आली. सातही माझ्या कवितांच्या वहीत जपून ठेवली आहेत. उत्तर एकाचंही दिलं नाही. का, ते विचारू नकोस. निदान या पत्रात नको.

लिहायचं कारण वेगळं आहे. मंजुषा आली आहे. आपली मंजुषा पडघान, भागिरथाबाईची लेक. नववी अ मध्ये खिडकीजवळ बसायची आणि कविता म्हणताना डोळे मिटायची ती. आता डॉक्टर आहे, सुया टोचणारी नव्हे, विषाणूंची. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत असते. आपल्या भागात सोयाबीनवर जो पिवळा मोझॅक रोग पडतो त्याचा अभ्यास करायला दोन महिने गावात राहणार आहे. आणि एवढ्या मोठ्या शिवारातून तिनं वावर कोणाचं निवडलं? माझं, नाल्याकाठचं. माझ्याच वावरात मोझॅक सगळ्यांत जास्त आहे हे त्यामागचं कारण असेल, पण असल्या कारणांत मी शिरत नाही.

सकाळी येते, बर्फाच्या डब्यात पानं भरते, मग आमच्या ओसरीवर बसून चहा घेते. काल मी म्हणालो, बाई, तू करतेस तरी काय ते मला कवितेच्या माणसाला समजेल असं सांग. तर मांडी घालून बसली आणि अगदी भागिरथाबाईच्या बोलीत सुरू झाली.

“सर, विषाणूपाशी सोताचं काहीच नसते. घर नाही, चूल नाही, मास्तर नाही. नुसता लिहेल कागद असते, बांगडीसारखा गोल. पांढरी माशी पानाचा रस पेते, तवा तो कागद पेशीत जाते. पेशीच्या मधात केंद्रक असते. तिथं पेशीचा सोताचा मास्तर बसेल राह्यते, जनुकं वाचून त्याच्या नकला काढणारा. त्याले का माहीत, हा कागद परक्याचा हाये म्हून? तो वाचाले लागते.”

“सगळा वाचतो?”

“तीच तं गंमत हाये. सगळा नाही वाचत. बांगडीवर एक कोरी जागा असते. तिच्या एका बाजूचं आधी वाचल्या जाते, दुसऱ्या बाजूचं मागून. आधीची जनुकं दोन-चारच. त्यातून जे पयलं प्रथिन तयार होते, ते त्या कागदाच्या नकला करून घेते, अन् पुरतं झालं की सोताच्याच सुरुवातीवर येऊन बसते. म्हणते, बस, आता मले वाचू नका. मंग दुसरं एक प्रथिन दुसऱ्या बाजूचं दार उघडते अन् पेशीच्या राखणदाराले झोपवते. मी ते पयल्या काही तासाचं पाहून राह्यली, सर. आधी कोण बोलते अन् त्याले गप कोण करते.”

याला प्रतिलेखन म्हणतात, असंही सांगितलं. मी फळ्यावरचा धडा उतरवावा तसं सगळं वहीत उतरवून घेतलं. खरं सांगू? ती बोलत होती आणि मला तुझी आठवण येत होती, चांगली नव्हे. विषय तुझा. विज्ञानाचा. आणि ती तो माझ्या ओसरीवर बसून मला समजावत होती, तुला नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला असलं सुख व्हावं, हे काही बरं नाही. पण झालं.

जाताना चपला घालता घालता तिनं विचारलं, “सर, राठोड सर कुठं असतात आता? तुमचे तं जिगरी दोस्त होते. पत्ता हाये का त्याईचा?”

मी म्हणालो, “नाही बा.”

तोच पत्ता आता पाकिटावर लिहितो आहे. तिचं आणि तुझं काही पत्र-फोन आहे का, एवढंच कळव.

जानराव


शुक्रवार, ३० ऑगस्ट

गोविंदसिंग,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी. तू नेहमीच कमी लिहायचास, फळ्यावरसुद्धा.

लिहितोस, “तिच्याशी काही संबंध उरला नाही. अमरावतीच्या प्रदर्शनाचं पत्र माझ्या हातून हरवलं, पोरीची संधी गेली. तिला पत्ता देऊ नकोस. तिच्यासमोर माझी मान वर होणार नाही.”

एकवीस वर्षं झाली या गोष्टीला. तू अजून तिथंच बसला आहेस. वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर. पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं. संबंध नाही म्हणतोस ना, मग झालं, असं वाटलं. तुझ्याशी खोटं बोलायचा आता कंटाळा आला आहे म्हणून लिहितो.

पण ते बरं वाटणं दोनच दिवस टिकलं. परवा मंजुषा तिचा प्रबंध घेऊन आली. निळ्या पुठ्ठ्याचा, आपल्या हजेरीपटाच्या दुप्पट जाडीचा. सगळा इंग्रजीत. मी चित्रं पाहत बसलो. गोल बांगड्या, त्यांवर उलटसुलट बाण, अर्धी पिवळी अर्धी हिरवी पानं. मग ती म्हणाली, “सर, एक पान तुमाले वाचता येईन.” आणि पहिलं पान उघडून दिलं. ते मराठीत होतं.

“राठोड सरांना, ज्यांनी चाळीस मुलांसमोर ‘माझं चुकलं’ असं म्हणून दाखवलं.”

मी ते मोठ्यानं वाचलं. सवय. ‘चुकलं’पाशी थांबलो, तर तिला वाटलं मला भरून आलं.

तिनं मग सांगितलं. अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षी तिच्या हातून नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. कोणतं जनुक आधी वाचलं जातं, याचं उत्तर उलटं आलं, आणि ते तिनं मोठ्या सभेत सांगूनही टाकलं. चूक तिच्या एकटीच्या ध्यानात आली होती. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. “तीन दिवस जेवली नाही, सर. मंग मले राठोड सर दिसले. वर्गात टेबलापाशी उभे, दोनी कान धरेल. म्हणून राह्यले, पोरी, तुह्यं पत्र माह्याच हातून हरवलं, माह्यं चुकलं. एवढा मोठा माणूस. दुसऱ्या दिवशी म्या उभी राहून सगळ्यायले सांगतलं का माह्या नळ्या उलट्या झाल्या.”

मग तुझ्या आठवणी निघाल्या. तू डस्टर एसटीत विसरायचास, ते मी दुसऱ्या दिवशी कंडक्टरकडून आणायचो, हेही तिला आठवतं. माझं आठवतं ते एवढंच, डस्टर आणणारा.

गोविंदसिंग, तिला ‘श’ आणि ‘ष’ कोणी शिकवला? ओळ कुठं तोडायची, श्वास कुठं घ्यायचा, कोणी शिकवलं? पहाटे सहाला शाळेच्या पायरीवर बसून कोणी तिच्याकडून कविता घोटून घेतल्या? वाशीमच्या जिल्हा स्पर्धेत ती पहिली आली, तो करंडक अजून हेडमास्तरांच्या कपाटात आहे. तू तिच्यासाठी काय केलंस? एक पत्र्याचा तुकडा पिवळा रंगवून त्याला एरंडीचं तेल फासायला लावलंस, आणि त्याला पांढऱ्या माशा चिकटल्या. झालं मॉडेल. आणि पहिलं पान तुझं.

जेवताना आमच्या हिनं, तुळसाबाईनं, विचारलं, “सवत घरात आल्यावानी तोंड करून काहून बसले?”

मी म्हणालो, काही नाही, भाजीत मीठ जास्त आहे.

“मीठ टाकलंच नाही आज. तुमचं बीपी हाये ना.”

जानराव


सोमवार, ९ सप्टेंबर

गोविंदसिंग,

घाईत लिहितो. शाळेनं मंजुषाचा सत्कार ठरवला आहे, रविवार, २० ऑक्टोबर. आणि तिनं अट घातली आहे की हार राठोड सरांच्या हातून घेईन, नाही तर घेणार नाही. तुझा पत्ता तिला शाळेच्या ऑफिसातून मिळाला. माझ्याकडून नाही, हे मुद्दाम सांगतो. मला म्हणाली, “सर, तुमी म्हणे पत्ता नाही. ऑफिसात तं पयल्याच फायलीत होता.” मी म्हणालो, आठवण राहत नाही आता. हसली. “राठोड सराईचा गुण लागला तुमाले.”

तिचं पत्र आलं तर विचार करून उत्तर दे. प्रवास लांबचा आहे. नांदेडहून वाशीम, वाशीमहून इकडची गाडी, आणि तिला खिडकीच्या काचा नसतात. तुझे गुडघे पूर्वीपासून दुखतात. सत्काराच्या सभा दोन-दोन तास चालतात. लोक म्हातारी माणसं बोलावतात आणि मग त्यांना खुर्चीवर विसरून जातात. मी आपला मित्र म्हणून सांगतो.

मीही बहुतेक जाणार नाही.

जानराव


रविवार, २२ सप्टेंबर

गोविंदसिंग,

तू तिला नाही म्हणून लिहिलंस.

माझं ते पत्र लागू पडलं, असं मला वाटलं होतं. पण तू गुडघ्यांचा शब्दही काढलेला नाहीस. तुझं पत्र तिनं मला वाचायला दिलं. उभ्यानंच दिलं, वावराच्या बांधावर. निळी शाई, मोकळं अक्षर, अजून प्रत्येक वाक्यानंतर एक ओळ सोडतोस. “ज्याच्या निष्काळजीपणानं तुझं नुकसान झालं त्याच्या हातून हार घेऊ नकोस. तो मान जानरावचा आहे. त्यानं तुला वाणी दिली.”

तो मान जानरावचा आहे. हे तू लिहिलंस.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होतो, आणि मंजुषा बांधावरच बसून सोयाबीनच्या झाडाकडे पाहत होती. म्हणाली, “एकवीस वर्षं हा माणूस एका कागदासाठी झुरून राह्यला, सर. मी तं कवाच इसरली. अमरावतीले नाही गेली तं का झालं? डॉक्टर नाही झाली का मी? अन् माय म्हणे, ते घरीबी आल्ते माफी मागाले. चहाबी नाही घेतला म्हणे.”

मी पत्राची घडी करून तिला परत दिलं.

“तुमी लिहा त्याईले. तुमचं ऐकतीन ते. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकणार.”

मग तिनं एक पान तोडलं. चांगलं हिरवंगार पान. मी म्हणालो, अगं, हे तर निरोगी आहे, पिवळं घे. तर म्हणाली, “पिवळ्या पानात मले काही सापडत नाही, सर. तिथं सगळं होऊन गेलं राह्यते. मले पाहिजे ते हे, दोन दिवसाआधी माशी बसून गेलेलं. वरून हिरवं दिसते, पण आत पयली जनुकं वाचून झाली. आता फक्त रंग यायचा बाकी हाये.”

तिनं पान पिशवीत टाकलं, वर चिठ्ठी लावली, बर्फात ठेवलं. मी घरी आलो. खूप वर्षांनी वहीत दोन ओळी लिहिल्या:

पान पिवळे होण्याआधी पानास कळते का रे,
कुणी आत येऊनि बसले, मिटुनी सगळी दारे.

तू हसशील. म्हणशील, जानराव, ही कविता झाली, आता उत्तर लिही. पानाला कळतं की नाही, ते मला माहीत नाही. मला कळलं होतं. त्या क्षणी, तिथल्या तिथं कळलं होतं.

डिसेंबर २००३ मध्ये आपले हेडमास्तर लेकीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर होते. आठव जरा. त्या आठ दिवसांत प्रभारी कोण होतं? टपाल कोणाच्या हातात येत होतं?

जानराव


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

प्रिय गोविंदसिंग,

सोबत एक जुना कागद जोडला आहे. आधी तो वाच, मग हे.

वाचलास? शिक्षण विभागाचं पत्र आहे. कु. मंजुषा पडघान, इयत्ता नववी, ‘पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट सापळा’, विभागीय विज्ञान प्रदर्शनासाठी निवड, शुक्रवार, १९ डिसेंबर २००३, अमरावती. सोबत मार्गदर्शक शिक्षक श्री. गोविंदसिंग राठोड. वर आवक क्रमांक नाही, कारण ते कारकुनापर्यंत गेलंच नाही. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं.

त्याच शुक्रवारी वाशीमला कवितेची स्पर्धा होती. मंजुषानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, “अमरावतीचं लागलं तं मी तिकडं जाईन सर, राठोड सराईले शब्द दिला हाये.” सहज म्हणाली होती. पोरीला काय ठाऊक, कुठं काय लागतं ते.

तुला आठवतं, नववी अ आणि नववी ब यांच्या मध्ये नुसता पत्र्याचा आडोसा होता. मी इकडे ब मध्ये नदीची कविता शिकवायचो. इतकी सुंदर कविता, आणि माझी मुलं जांभया द्यायची. पत्र्यापलीकडून, अ मधून, तुझ्या तासाचं हसणं यायचं. बेडूक, परीक्षानळी, काहीतरी फुटायचं आणि हशा. त्या हशात मंजुषाचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा. कवितेत ती डोळे मिटायची, पण हसायची तुझ्याकडे. पत्राची घडी घालताना माझ्या कानात तो हशा होता.

फाडलं नाही मी. कवितांच्या वहीत ठेवलं. स्पर्धा झाली की देईन, सांगीन की उशिरा आलं, असं मनात होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण प्रदर्शनानंतर तीन दिवसांनी मालेगावच्या एका मास्तरनं तुला बैठकीत विचारलं, तुमची पोरगी का आली नाही? आणि तू माझ्याकडे धावत आलास. “जानराव, पत्र आल्तं का रे?” मी म्हणालो, “आलं होतं ना. तुझ्या टेबलावरच ठेवलं होतं.”

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि तू लगेच विश्वास ठेवलास, कारण तू डस्टर विसरायचास, छत्री विसरायचास, एकदा तर स्वतःची सायकल मंगरूळच्या बाजारात विसरून चालत घरी आला होतास. तुझा विसराळूपणा मला कामी आला. तू कपाटं उपसलीस, प्रयोगवह्या झटकल्यास, सांगाड्याच्या पेटीतही हात घालून पाहिलंस. मी तुझ्यासोबत शोधत होतो, गोविंदसिंग. वाकून, गुडघ्यावर बसून, तुझ्यासोबत शोधत होतो.

मग तू वर्गात कान धरलेस. मी पत्र्यापलीकडे होतो. पहिल्यांदा त्या वर्गातून हसण्याचा आवाज आला नाही. तेव्हा बोललो असतो तर? एक पाऊल टाकून दारात यायचं होतं. मंजुषाच्या त्या पहिल्या प्रथिनाचा मला हेवा वाटतो तो याचसाठी. एवढासा जीव, जीव तरी कुठं आहे तो, पण स्वतःच्या सुरुवातीवर येऊन बसतो आणि म्हणतो, बस. मला ते जमलं नाही. एक वाक्य वाचलं गेलं, त्यानं पुढचं उघडलं, त्यानं त्यापुढचं. जूनमध्ये तू स्वतः मागून बदली घेतलीस आणि मानोऱ्याच्या शाळेत गेलास. मी तुला निरोप द्यायला फाट्यापर्यंत आलो होतो. तू म्हणालास, “पोरीकडं लक्ष ठेव रे.” आणि त्यानंतर तुझं एकही पत्र मला उघडून नीट वाचवलं नाही.

माझा मत्सर कुठवर गेला, तेही सांगून टाकतो. प्रबंधातलं ते पान पाहून आलो त्या रात्री मी मनाशी हिशोब मांडला की मी खोटं बोललो नसतो तर तू माफी मागितली नसतीस, आणि तू माफी मागितली नसतीस तर तिच्याजवळ ते वाक्य नसतं. म्हणजे त्या अर्पणात माझाही वाटा आहे. असा विचार केला मी, आणि त्या विचाराच्या अंगावर पांघरूण घालून झोपलो. तुझं पत्र बांधावर वाचलं तेव्हा ते पांघरूण निघालं. ‘तो मान जानरावचा आहे.’ तू मला देऊन टाकत होतास, आणि मी ज्यासाठी एकवीस वर्षं जळलो ते हातात आल्यावर धरवत नव्हतं.

तुला लिहिण्याआधी तिला सांगितलं. काल. आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. बायका पुढं निघून गेल्या होत्या, तिच्या खुणेच्या झाडांच्या दोन ओळी तेवढ्या उभ्या होत्या. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला. उलटा करून मागची बाजू पाहिली. पुन्हा वाचला. मी जे तुला वर लिहिलं ते सगळं सांगितलं, मध्ये पाणी प्यायलो, पुन्हा सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मी पाया पडलो असतो. मग म्हणाली, “म्हंजे त्याईनं जे केलंच नाही त्याची माफी मागतली.”

“हो.”

“अन् तुमी पत्र्याच्या तिकडून आयकत होते.”

“हो.”

“अर्पण काही बदलत नाही, सर. त्यातलं एकबी अक्षर चूक नाही. पण तुमचं का करू मी?”

शाळेत असतो तर म्हणालो असतो, बाकावर उभं कर. तिनं कागद जुन्याच घडीवर दुमडून परत दिला. म्हणाली, “हे मले नाही, त्याईले द्या.” मग पिशव्यांचा गठ्ठा आणि काळा पेन माझ्यापुढं ठेवला. “शेवटची पानं घ्याची हायेत. तुमचं अक्षर चांगलं हाये, चिठ्ठ्या तुमी लिहा.”

ती पानं तोडत गेली, मी लिहीत गेलो. ओळ, झाड, पान, तारीख. फक्त एकदा, मी पेन झटकत होतो तेव्हा, पाठमोरीच म्हणाली, “तारीख खरी टाका, सर.”

त्रेसष्ट चिठ्ठ्या लिहिल्या. सगळ्या बरोबर आहेत. दोनदा तपासल्या.

हार तिला तूच घालायचा आहेस. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी सभेला येऊ की नको, तेही तूच ठरव. सत्काराआधी उभं राहून गावासमोर हे सांगायला मी तयार आहे. घरी तुळसाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, “एकवीस वर्षं तुमच्या वहीवरची धूळ मी पुसून राह्यली. तं हे होतं तिच्यात.”

हे पत्र मी मंगरूळला जाऊन स्वतःच्या हातानं रजिस्टर करतो आहे, पोचपावती जोडून. तुझी सही माझ्याकडे परत येईल. ते टेबलावर ठेवलं होतं, असं या वेळी मला म्हणता येणार नाही.

तुझा,
जानराव


मंगळवार, १५ ऑक्टोबर

प्रिय गोविंदसिंग,

पोचपावती आज आली.

सही तुझीच आहे, ‘सिंग’मधल्या अनुस्वारावर अजून तसाच जोर देतोस. सहीखाली पोस्टाच्या रकान्याबाहेर तू निळ्या शाईनं लिहिलं आहेस, “दोन्ही पत्रे मिळाली.” वर एक ओळ सोडून. माझं आणि अमरावतीचं.

मी ती पावती मंजुषाला दाखवली. तिनं ती बराच वेळ धरून ठेवली. म्हणाली, “येतात का मंग?” मी म्हणालो, लिहिलं नाही. म्हणाली, “मिळाली म्हणतात ना. तवा येतीन.” मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, “फाट्यावर तुमीच जा घ्याले.” तू उगाच एकही शब्द लिहीत नाहीस, हे तिला ठाऊक आहे. मलाही आहे.

रविवारी सकाळच्या वाशीमच्या गाडीला मी फाट्यावर उभा असेन. तू उतरलास तर तुझी पिशवी घेईन. नाही उतरलास तर पुढच्या गाडीला थांबेन. उतरताना सीटवर काही विसरलं तर विसरू दे, मी चढून आणीन. ते काम मला येतं.

तीन शब्द लिहिलेस, गोविंदसिंग. मी ऑगस्टपासून पानंच्या पानं लिहितो आहे, आणि एवढं कधी लिहू शकलो नाही. याचाही मला हेवा वाटतो. पण हा कुठं लपवायचा नाही, म्हणून इथंच लिहून ठेवतो.

जानराव